काडी पेटेपर्यंत कापड

आमच्या दुकानावरच्या पाटीवर एकच शब्द आहे: रेनकोट. ना मालकाचं नाव, ना 'उत्तम शिलाई', ना 'एकदा अवश्य भेट द्या'. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं असं, की जो भिजलाय त्याला एवढं वाचलं तरी पुरे, आणि जो कोरडा आहे तो बाकीचं वाचून तरी काय दिवे लावणार?

पण गंमत बघा. बाहेर एवढ्या ठसठशीत अक्षरांत मिरवणारा हा शब्द दुकानाच्या आत काढायची चोरी. बेतून झालं, शिवून झालं, टोपी लागली, टिचबटणं बसली, हँगरवर दिमाखात लटकलं, तरी आमच्याकडे त्याला म्हणायचं 'कापड'. "ते निळं कापड द्या जरा." "या कापडाची बाही उसवा." नवखं गिऱ्हाईक चक्रावतं. त्याच्या डोळ्यांसमोर धडधडीत रेनकोट टांगलेला असतो आणि आम्ही आपले म्हणतो, कापड. काडी पेटेपर्यंत कापडच.

आता ही काडीची काय भानगड, ते सांगते. दुकानामागे फरशीचं लहानसं अंगण आहे. तिथल्या भिंतीवरून एक नळ वर नेलाय आणि त्याच्या तोंडाला, तळाशी भोकं पाडलेला पत्र्याचा डबा बांधलाय. कुठलीही ऑर्डर आली, की तिच्यातला पहिला कोट ज्यानं शिवला त्यानंच तो अंगात घालायचा, आतल्या खिशात काडेपेटी ठेवायची आणि त्या डब्याखाली जाऊन उभं राहायचं. किती वेळ? तर मामंजींची दाढी होईपर्यंत. अंगणातल्या खिडकीच्या गजाला त्यांचा आरसा अडकवलेला असतो. ते साबण फासतात, गाल फुगवतात, मान तिरकी करून बघतात, आणि समोर एक माणूस धो धो पाण्याखाली उभा आहे याचं त्यांना काही म्हणजे काही सोयरसुतक नसतं. एखाद्या शिवणीचा संशय आला तर पुन्हा साबण फासतात. दाढी झाली की नळ बंद. मग खिशातली काडेपेटी काढायची आणि काडी ओढायची. पेटली, तर त्याच काडीनं गॅस पेटवायचा, चहाचं आधण ठेवायचं, आणि मामंजी टॉवेलनं तोंड पुसता पुसता म्हणणार, "रेनकोट." तेवढंच. त्यानंतर ती सगळी ऑर्डर रेनकोट. नाही पेटली, तर "कापड" म्हणून टॉवेल खांद्यावर टाकणार आणि आत निघून जाणार. त्या दिवशी सकाळचा चहा नाही. कुणालाच नाही.

दुकान खाली आणि घर वर, त्यामुळे हा शब्द जिना चढून कधी घरात आला ते कळलंच नाही. नळदुरुस्तीवाला "उद्या नक्की येतो" म्हणाला, की आम्ही एकमेकांकडे बघतो: कापड. वन्संच्या गुडघ्यांचा डॉक्टर जे सांगतो तेच होतं, म्हणून तो रेनकोट. माझी लेक कविता पाठ करते आणि मध्ये अडली नाही, तर स्वतःच जाहीर करते, "आजोबा, रेनकोट झाली!" ज्याच्या भरवशावर डोळे मिटून पाण्यात उभं राहावं तो माणूस रेनकोट. बाकी सगळं जग, कितीही छान शिवलेलं असलं तरी, कापड. आमच्या ह्यांनी, म्हणजे मामंजींच्या सख्ख्या मुलानं, इतकी वर्षं बस चालवली आणि कुणाला साधा ओरखडा काढला नाही, तरी मामंजींचा शेरा ठरलेला: "कापड चांगलं आहे." हे आपले हसतात. बापलेक दोघंही मुलखाचे थंड.

मी थंड नाही. लग्नाआधी मी सिनेमाच्या तिकीटखिडकीवर बसायचे. त्या वीतभर भोकातून दिवसभर लोकांशी हुज्जत घालायची सवय, जिभेला विश्रांती म्हणून माहीत नाही. आणि या घरात येऊन बघते तर काय, सगळे मूग गिळून बसलेले! वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, शिवणीवर पट्टी चिकटवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण बोलायचं म्हटलं तर शब्द असे काढतात, जणू शेजारून उसने आणलेत. मी दुकानात उतरले ती निव्वळ बोलायला कुणी मिळावं म्हणून. गिऱ्हाइकं तरी बोलतात ना! आणि मग अडकलेच. जाड कापडातून कात्री चालताना येणारा कर्रकर्र आवाज, पट्टीवरून गरम इस्त्री फिरताना सुटणारा वास, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना आपल्या दुकानातलं अंगावर घालून निवांत चालणारी माणसं. मला दुसरं काही करावंसं वाटेना.

खोट एकच. माझ्या हातचा एकही रेनकोट आजवर झाला नव्हता. सगळी कापडं! शिवण बघावी तर सरळ, पट्टी वन्संनी स्वतः बसवलेली, टिचबटणं टकाटक लागतायत, आणि काडी ओढावी तर गुल मऊ लिबलिबीत. "गळ्याशी," मामंजी म्हणायचे आणि जायचे आत. मी गळा उसवायचे. कॉलर उंच केली, अरुंद केली, दुहेरी केली. पालथ्या घड्यावर पाणी. नाही, चुकले. पालथ्या घड्यात निदान पाणी शिरत तरी नाही, माझ्या कोटात शिरायचं. मग मामंजी आपल्या हातानं गळा बेतून द्यायचे, दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून स्वतः पाण्याखाली उभे राहायचे, आणि काडी पेटायची. मला वाटायचं, हा नळच मला पाण्यात बघतो.

बरं, त्यांची मोठी कात्री. ती बेतायच्या टेबलामागे उंच खिळ्याला टांगलेली असते. मामंजी ताडमाड, मी टीचभर. कात्री हवी असली की स्टूल ओढा नाहीतर "मामंजी, कात्री!" म्हणून ओरडा. मी बहुतेक वेळा ओरडायचे.

या हंगामाच्या तोंडाशी एका सकाळी, वन्संचा कोट पास होऊन सगळ्यांना चहा मिळालेला असताना, मामंजींनी कप खाली ठेवला. ठेवताना बशी वाजली. बराच वेळ वाजली.

"हात थरथरतो आता," ते म्हणाले. "हा हंगाम शेवटचा."

"आणि दुकान?" मी विचारलं.

"तुझ्या हातचा एक रेनकोट दाखव. एकच. दुकान तुझं, कात्री तुझी. नाही झाला तर मशिनं विकायची आणि पाटी उतरवायची."

"अहो, पण वन्सं आहेत की!"

"मला नको," वन्सं म्हणाल्या. त्यांचा दिवसाचा कोटा तिथेच संपला.

"मी बेतते, शिवते, गिऱ्हाइकं सांभाळते," मी म्हटलं. "एक गळा जमत नाही म्हणून सगळ्या दुकानाला कुलूप? लोकांना काय कळतंय!"

"पाटीवर रेनकोट लिहिलंय," मामंजी म्हणाले. "कापड असं नाही लिहिलेलं."

मला इतका राग आला, की उरलेला चहा मी तसाच मोरीत ओतला. मग जिन्यावर बसून रडले. हे येऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "होईल गं." मी म्हटलं, "कापड बोलू नका!" माझा जीव त्या दुकानात होता आणि दुकान माझ्या गळ्याशी येऊन अडलं होतं, दुसरं काय.

मी शिवत सुटले. एक झाला, नापास. दुसरा झाला, नापास. चहा बंद पडत चालल्यामुळे घरातली माणसंही माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. आणि अशातच एका दुपारी पोस्टातल्या मोठ्या बाई आल्या.

आमच्या भागातल्या सगळ्या पोस्टमनांचे कोट दरवर्षी मामंजी स्वतः शिवतात. ते काम ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. बाईंनी गेल्या वर्षीचा एक कोट टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

"काका, तुमच्यावर राग नाही, पण बघा हे. आमची माणसं गळ्यापासून पोटापर्यंत भिजून परत येतात. पत्रं पिशवीत कोरडी आणि माणूस ओलाचिंब! दोघं खोकत पडलेत. रेनकोट म्हणून दिलंत आणि हे तर नुसतं कापड निघालं."

बाईंना बिचारीला काय माहीत, त्या काय बोलून गेल्या. मशीन थांबलं. वन्संच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली. मामंजींच्या कोटाला, मामंजींच्याच दुकानात, कापड! मी तोंडाचा पट्टा सोडणार इतक्यात मामंजींनी हात वर केला.

"सोमवारी नवीन नमुना दाखवा," बाई जरा नरमाईनं म्हणाल्या. "एका कंपनीचा माणूस सारख्या फेऱ्या घालतोय. मला तुमच्याकडूनच घ्यायचेत, खरंच. पण माणसं आजारी पाडून नाही घेता येणार."

दुसऱ्या दिवशी मामंजींनी दाढी केली नाही. वरच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसून राहिले. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "ठेव." लेकीनं कविता म्हणून दाखवली, तर तिला नुसतं थोपटलं. गालावर पांढरे खुंट वाढले होते. आमचं पटत नसेल, मी त्यांच्याशी उठता बसता वाद घालत असेन, पण तो आमचा घरचा मामला. बाहेरचं कुणी आपल्या माणसाला नावं ठेवून गेलेलं मला खपत नाही.

"वन्सं, नळ सोडा," मी म्हटलं. "त्या बाईंचं खोटं करून दाखवते. चांगला रेनकोट आहे हा, हातच्या काकणाला आरसा कशाला!"

बाई टेबलावर आपटून गेल्या होत्या तो मामंजींचा कोट मी अंगात घातला. बाह्या माझ्या बोटांच्या पुढे गेल्या आणि खालचा घेर फरशीला टेकला. काडेपेटी ठेवली आणि डब्याखाली उभी राहिले. वर खिडकीत मामंजी पाठमोरे दिसत होते.

"मामंजी, इकडे बघा!" मी मान वर करून ओरडले. "काही झालेलं नाही तुमच्या कोटाला! त्या बाईंची माणसं बटणं उघडी टाकून फिरत असतील. ऐकताय का? आणि दाढी का नाही केली? माणूस म्हणायचं की झुडूप?"

मामंजींनी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी आणखी बरंच काही बोलले, ते सगळं सांगत बसत नाही. मग वन्संनी नळ बंद केला. मी काडेपेटी काढली, काडी ओढली. गुल लिबलिबीत.

मामंजींचा कोट नापास! मी वन्संकडे बघितलं. त्यांनी तो कोट माझ्या अंगातून काढला, आतून पुसला, स्वतः घातला, नवी काडेपेटी घेतली आणि मला नळाकडे बोट दाखवलं. त्या उभ्या राहिल्या त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं: मान खाली, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मी मनात मामंजींची दाढी केली. नळ बंद केला. त्यांनी काडी ओढली आणि ती भस्सकन पेटली.

तोच कोट, तेच पाणी.

"तू बोलतेस," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वर बघून." त्यांनी हनुवटी उचलून दाखवली आणि कॉलरमध्ये बोट घातलं. हनुवटी वर गेली की कॉलर पुढे सुटत होती आणि तिथे वाटीएवढं भगदाड पडत होतं.

इतकी वर्षं! मामंजी आणि वन्सं पाण्याखाली उभे राहायचे ते पुतळ्यासारखे, मान खाली घालून. आणि मी दर वेळी तोंड वर करून मामंजींशी भांडत असायचे. "अहो, झाली की दाढी, किती घासताय तोच गाल!" हे माझं ठरलेलं वाक्य. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आणि पोस्टमन तरी काय करतो? दारात उभा राहतो, मान वर करतो आणि तिसऱ्या मजल्याकडे बघून हाक मारतो. भर पावसात, दर दाराशी.

मी तशीच निथळत जिना चढले. "मामंजी, तुमचे पोस्टमन बोलतात!"

त्यांना वाटलं, मला ताप चढलाय. मी सगळं सांगितलं, कॉलरमध्ये बोट घालून दाखवलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

"रेनकोट घालून बोलायचं कशाला?" ते म्हणाले.

"पोस्टमन काय मुका असतो? त्यानं काय खडे मारायचे खिडकीवर?"

त्यांनी गुडघ्यावर बोटं वाजवली. मग उठले. खाली आले, स्वतःचा कोट स्वतःच्या अंगात घातला आणि दाढी न करताच डब्याखाली जाऊन उभे राहिले.

"जा वर," मला म्हणाले. "खिडकीत उभी राहा आणि भांड माझ्याशी."

अशी संधी कोण सोडतं हो? मी वरून सुरुवात केली ती त्यांच्या टॉवेल कुठेही टाकण्यापासून, ते मागच्या वर्षी मी बेतलेल्या बाह्या बघून नाक मुरडलं होतं तिथपर्यंत. आधी ते नुसते हूं हूं करत होते. मग एकदा मान वर करून म्हणाले, "ती बाही वाकडीच होती!" आणि मग थांबेचनात. इतके शब्द त्यांच्या पोटात होते हे मला माहीतच नव्हतं. वन्संनी नळ बंद केला तरी त्यांचं चालूच होतं.

त्यांनी काडी ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. काडी मोडली.

मामंजींनी त्या मोडक्या काडीकडे बघितलं, मग कोटाकडे. "कापड," ते म्हणाले, आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. आपल्या आयुष्याच्या कामाला आपल्याच तोंडानं असं म्हणायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि राग आला. "म्हणजे माझे कोट चांगलेच होते! उगाच इतकी वर्षं नापास केलंत मला!"

"तुझे नापास झाले ते बरोबरच झालं," मामंजी टॉवेल शोधत म्हणाले. "आमचे पास झाले ते चूक."

मी टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला.

आता प्रश्न एवढाच होता, की मान वर केली तरी गळा सुटणार नाही असा कोट शिवायचा कसा. मी कॉलरला आत लवचीक पट्टी लावली, तर गळा आवळला. टोपी पुढे ओढून शिवली, तर समोरचं दिसेना. आमचे हे ती घालून जिन्यात धडपडले आणि म्हणाले, "बसला अशी काच असती तर मी केव्हाच नोकरी सोडली असती." मामंजी खुर्चीवर बसून बघत होते. मी विचारलं तरी सांगत नव्हते. "कोट कुणाचा?" एवढंच म्हणायचे.

शेवटी उपाय सापडला तो ट्रंकेत. लेकीचे तान्हेपणीचे कपडे मी जपून ठेवलेत, त्यातलं लाळेरं हातात आलं. बाळ मान कुठेही फिरवो, लाळेरं आपलं छातीला चिकटून असतं. मी त्याच बेताचं एक रेनकोटाच्या कापडाचं केलं आणि कॉलरच्या आत, गळ्याला लागून, दोन टिचबटणांनी बसवलं. कॉलरला पुढून चुण्या दिल्या, म्हणजे हनुवटी उचलली तर चुण्या उघडतील, पण कॉलर सुटणार नाही. आणि तरी एखादा थेंब आत गेलाच, तर लाळेऱ्यावरून घरंगळून दोन कापडांच्या मधूनच खाली जाईल, अंगाला लागणार नाही. शनिवारी पाण्याखाली उभी राहिले आणि पोट भरून बोलले. काडी फुसफुसली, ठिणगी उडाली आणि विझली.

"कापड," मामंजी म्हणाले. दाराशी जाऊन थांबले. "पण चांगलं."

रविवारभर मी लाळेऱ्याच्या कडेला पन्हळ दिली, म्हणजे कड दुमडून पाणी वाहायला वाट केली. वन्संनी तिच्यावर पट्टी बसवली. गुडघे दुखत असूनही उभ्यानं बसवली, कारण बसून त्यांचा हात नीट चालत नाही.

सोमवारी पोस्टातल्या बाई छत्री घेऊन अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मी कोट घातला, काडेपेटी आतल्या खिशात ठेवली. आणि बघते तर मामंजी आरसा घेऊन वर चाललेले! वरच्या खिडकीत त्यांनी आरसा टेकवला, साबण फासला आणि वन्संना हात केला. पाणी सुरू झालं.

"सूनबाई," मामंजी वरून म्हणाले, "तुझ्या आईनं तुला चहा करायला कधी शिकवलंच नाही का गं?"

ते मुद्दाम बोलतायत हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? माझी मान वर गेलीच.

"माझ्या आईचं नाव काढायचं काम नाही! तुमच्या घरात आठवड्यातून किती दिवस चहा मिळतो ते आधी सांगा!"

"आणि तुझा भाऊ. मागे आला होता तेव्हा माझी छत्री घेऊन गेला."

"रेनकोटवाल्याच्या घरात छत्री सापडते, ही गोष्ट तुम्ही लपवायची, की चारचौघांत सांगायची?"

बाई छत्रीआडून हसायला लागल्या. मामंजींनी दुसऱ्यांदा साबण फासला. मग माझं जोरात बोलणं निघालं, ह्यांना मी भित्रं करून ठेवलंय ते निघालं, वाकडी बाही तर निघालीच. मी एकेक मुद्दा खोडून काढत होते, हात नाचवत होते, टाचा उंचावत होते. तिसऱ्यांदा साबण! आता त्या गालांवर दाढी तर सोडाच, कातडी तरी उरली असेल का अशी मला शंका यायला लागली. आणि मग पाणी थांबलं.

वन्संनी माझे हात टॉवेलनं कोरडे केले. मी आतल्या खिशात हात घातला. काडेपेटी हाताला कोरडी लागली, पण मला भरवसा वाटेना. काडी ओढली.

पेटली. अशी पेटली, की मी तिच्याकडे बघतच राहिले.

"गॅस!" वन्सं ओरडल्या. वन्सं ओरडल्या, हे आमच्या घरात अजून लोकांना सांगितलं जातं. मी ओटा गाठला तेव्हा ज्योत बोटांपर्यंत आली होती. बर्नर पेटवला आणि आधण ठेवून परत दारात आले.

मामंजी जिना उतरून आले होते. गाल लालबुंद. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, कानांच्या मागेसुद्धा पुसलं, टॉवेल नीट घडी घालून खांद्यावर ठेवला. त्यांना एवढा वेळ लागलेला मी कधी बघितला नव्हता. मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"रेनकोट."

मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मान खाली गेली ती वर येईना.

बाई जवळ आल्या, चुण्या बघितल्या, आतलं लाळेरं चाचपलं. "छान झालाय हो! पण..." त्यांनी बोट पुढे केलं. "इथे गळ्याशी ओलं लागतंय की."

मामंजींनी वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"ते धरू नका," ते बाईंना म्हणाले. "ते पाणी आतलं आहे."

चहा उकळायला लागला तेवढ्यात दुकानातून ठकठक ऐकू आली. मला वाटलं, पाटीचं काही निघालं की काय. जाऊन बघते तर मामंजी टेबलामागे हातोडी घेऊन उभे. उंचावरचा खिळा त्यांनी उपटला होता आणि कितीतरी खाली, माझ्या खांद्याच्या रेषेत, तो पुन्हा ठोकत होते. हात थरथरत होता, त्यामुळे दोन घाव भिंतीवर पडले आणि पोपडा उडाला. मग त्यांनी कात्री त्या खिळ्याला टांगली. ती टांगायला त्यांना वाकावं लागलं.

"पोस्टाची ऑर्डर बेतायची आहे," ते म्हणाले. "घे."

मी हात पुढे केला. स्टूल कोपऱ्यातच होतं.